मी न हाताळलेली फाईल

लष्करात होतो असं मी कधी म्हणत नाही. लष्कराची नोकरी केली म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही, तेव्हा तोही खूश आणि मीही. तेहतीस वर्षांत मी बंदुकीला हात लावला नाही. गणवेश अंगावर चढवला नाही. सकाळी दहाला टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळी टेबल आवरून उठायचं, एवढीच माझी देशसेवा. गावात मात्र मी 'मिलट्रीतला साहेब'. एकदा गोंडपिपरीच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला गाठलं आणि विचारलं, "किती दुश्मन मारले गा आतापरेंत?" मी म्हटलं, "बाबा, माझं काम कागदाचं असते." तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "मंग मिलट्री कायले म्हनतेस?" 

कागदाचं काम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोरगा सैन्यात भरती झाला की त्याच्या नावानं एक दप्तर सुरू होतं. आईबापाचं नाव, गाव, पोस्ट, अंगावरची खूण. मग लग्न झालं की बायकोचं नाव, मूल झालं की मुलाचं. बाप वारला तर तेही तिथंच चढतं. तो माणूस बर्फात असो की वाळवंटात, त्याचं घरदार आमच्या कपाटात असतं. हे सांभाळणारे आम्ही सगळे बिनगणवेशाचे लोक. मी कनिष्ठ कारकून म्हणून लागलो. पुणे, जबलपूर, सिकंदराबाद असं फिरत फिरत, खात्याच्या परीक्षा देत देत, वर्ग एकचा अधिकारी झालो. आणि आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या सुमाराला चंद्रपूरच्या आमच्या छोट्या कार्यालयाचा प्रमुख म्हणून आपल्याच मुलखात परत आलो.

कार्यालय परकोटाच्या आत, एका जुन्या इमारतीच्या माडीवर होतं. खिडकी उघडी ठेवली की दुपारपर्यंत फायलींवर खाणीच्या कोळशाची बारीक काळी पूड बसायची आणि बंद ठेवली की आम्ही उकडून निघायचो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे आमच्याकडं. एखादा जवान गेला की त्याच्या गावी जायचं, वारस कोण ते गावातल्या दोन माणसांसमक्ष पडताळायचं आणि सरकारी पत्र हातात द्यायचं. हे काम खरं तर हाताखालच्या माणसाला धाडून होत होतं. मी स्वतः जायचो. त्यात मी हुशार समजला जात होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

माझी एक पद्धत होती. घरी गेल्यावर आधी पाणी मागायचं. खाट पुढं केली तरी खाली बसायचं. पाणी पिऊन झाल्यावर, तांब्या परत देता देता, एका वाक्यात सांगून टाकायचं. आडवळण घ्यायचं नाही. एटापल्लीच्या पुढं, सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याच्या एका पाड्यावर मी असाच गेलो होतो. सोबत गोंडी जाणणारा वनरक्षक होता. म्हाताऱ्या बापानं सगळं ऐकून घेतलं आणि वनरक्षकाला काहीतरी विचारलं. "जीव गेला तवा जवळ कोनी होतं का, म्हनते," वनरक्षक म्हणाला. मी म्हटलं, दोघं होते. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मला गावाबाहेर घेऊन गेला. तिथं त्यांच्यातल्या मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड होते. पोराचा दगड कुठं उभा करणार ती जागा त्यानं मला दाखवली. परतताना वनरक्षक म्हणाला, "साहेब, तुम्ही बरं सांगता. मागचा साहेब जीपमंदूनच सांगे." ते शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

आमच्या कामात एक नियम सगळ्यांच्या वर होता. पक्कं पत्र हातात आल्याशिवाय घरच्यांना मरणाची बातमी द्यायची नाही. नियम शहाणपणाचा होता. जबलपूरला माझ्या डोळ्यांदेखत एका कारकुनानं नंबर वाचण्यात चूक केली, एका घरी बातमी गेली, बापानं डोकं भादरलं, आणि आठवड्यानं पोरगा सुट्टीवर हजर. तो कारकून पुढं कितीतरी दिवस जेवत नव्हता. तेव्हापासून मी कच्च्या बातमीला भीत आलो. दुसरा नियम असा की स्वतःच्या नात्यातल्या माणसाचं प्रकरण हाताळायचं नाही. ते वर कळवायचं आणि दुसऱ्या अधिकाऱ्याकडं सोपवायचं. हाही नियम चांगलाच होता.

आता माझ्या मोठ्या मायबद्दल. मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या काकाची बायको. मी चार वर्षांचा असताना माझी आई बाळंतपणात गेली आणि हिनं मला उचलून आपल्या घरात नेलं. गोंडपिपरीपासून दोन कोसांवर आमचं गाव, थोडी धानाची शेती, बाकी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी. तिला स्वतःला बरीच वर्षं मूल नव्हतं. मला चंद्रपूरच्या वसतिगृहात घातलं तेव्हा डोक्यावर माझी पेटी घेऊन ती गोंडपिपरीपर्यंत चालत आली होती, मी पुढं मोकळ्या हातानं; तिथून दोघं गाडीनं चंद्रपूरला. आमच्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. वसतिगृहाच्या दारात ती मला म्हणाली, "शिक. पन नाव खराब नोको करू. तुह्या एकट्याचं नाई, आमा सगळ्याइचं होते." हे मी जन्मभर धरून बसलो. आमच्यातला एखादा चुकला की सगळ्या वस्तीकडं बोट दाखवायला लोक टपलेले असत, ते मी प्रत्येक कार्यालयात पाहिलं. म्हणून माझी टिपणी नेहमी स्वच्छ, माझा शेरा नेहमी नियमाला धरून.

मग उशिरा, मी चौदा वर्षांचा असताना, मोठ्या मायला मुलगा झाला. आम्ही त्याला धाकटा म्हणायचो. सुट्टीत घरी गेलो की तो माझ्या कडेवरून उतरायला तयार नसे. मॅट्रिकला दोनदा नापास झाला. मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, तोवर वारले होते. मीच म्हटलं, सैन्यात जा. चंद्रपूरच्या मैदानावर भरती होती, मी सिकंदराबादहून मुद्दाम रजा काढून आलो. पठ्ठ्या धावण्यात पहिला, पण वजन दीड किलो कमी. मी दीड डझन केळी आणली आणि ती सगळी त्याला मैदानाबाहेर उभं करून खाऊ घातली, वर तांब्याभर पाणी. रांगेत तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. "भाऊ, मले लघवीले जाऊ दे." "वजन झाल्याबिगर नाई." काटा बरोबर लागला. पुढं जेव्हा जेव्हा आम्ही भेटलो तेव्हा या केळ्यांवर हसलो. मोठी माय मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गावात गूळ वाटला.

त्याचं लग्न तिनंच ठरवलं. मुलगी पोंभुर्ण्याकडची, सातवी शिकलेली, कामाला चपळ, बोलायला कमी. लग्नानंतर तो तीनदा सुट्टीवर आला. चौथ्यांदा यायच्या आत तार आली.

तार माझ्याच कार्यालयात आली. पूर्वेकडच्या सीमेवर, पावसाळ्यात, गस्तीची तुकडी नदी ओलांडत असताना तो वाहून गेला होता. बेपत्ता. शोध चालू. मी स्वतः गावी गेलो. पाणी मागितलं, खाली बसलो, सांगितलं. मोठ्या मायनं एकच विचारलं, "म्हंजे मेला का?" मी म्हटलं, "तसं नाई. शोधून राह्यले." तेव्हा मला खरंच तेवढंच माहीत होतं. सून चुलीपाशी होती. तिनं तवा खाली उतरवला.

साडेचार महिन्यांनी बंद लिफाफा आला. वर 'गोपनीय' शिक्का. असे लिफाफे येत. चौकशी मंडळाचे कागद, वारस पडताळणीसाठी. आमच्याकडं माणूस आधी नंबर असतो, आणि जबान्यांत त्याला 'सदर जवान' म्हणतात. मी सवयीनं वाचत गेलो. तीन सोबत्यांच्या जबान्या होत्या. तिसऱ्यानं म्हटलं होतं, सदर जवानाचा हात मी धरला होता, दोर तुटला, हात सुटला, तो दगडावर आपटला, नंतर वर आलेला मी पाहिला नाही. खाली मंडळाचा निष्कर्ष, सदर जवान मृत समजावा. पान उलटलं. जवानाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका गोंडपिपरी. मी ते नाव तीनदा वाचलं. नंतर चष्मा काढून पुसला, त्यावरही कोळशाची पूड होती.

मी काय केलं ते सांगतो. मी पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात टिपणी लिहिली. सदर जवान माझा चुलत भाऊ असल्याने हे प्रकरण मी हाताळणे उचित होणार नाही, तरी ते अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावे, ही विनंती. खाली सही, तारीख. पुन्हा एकदा वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला. भाऊ मेल्याचं कळल्यावर पहिल्या तासात मी एवढंच केलं.

माझा हेडक्लार्क चंद्रपूरचाच, निवृत्तीला आलेला, पान खाऊन खाऊन दात लाल झालेला. फाईल बघून तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पडताळनी आपन करून टाकू. मी जातो गावाले, सही मी करतो. पंधरा रोजात पत्र येते. वर धाडली तं फसली समजा." मी त्याला झापलं. नियम तुमच्यापेक्षा मला जास्त कळतात म्हणालो. तो "बरं साहेब" म्हणून गेला आणि त्यानं फाईल जावकात टाकली.

फाईल वर गेली. वरून ती नागपूरच्या अधिकाऱ्याकडं सोपवली गेली. नागपूरच्या अधिकाऱ्यानं चार महिन्यांनी शेरा मारला की सदर गाव चंद्रपूर कार्यालयाच्या हद्दीत येते, सबब पडताळणी त्याच कार्यालयाने करावी. फाईल माझ्याकडं. मी पुन्हा तीच टिपणी लिहिली, या वेळी जरा जास्त विस्तारानं, आणि वर पाठवली. ती पुन्हा नागपूरला गेली, पुन्हा माझ्याकडं आली. "फाईलनं एसटीचा पास काढला साहेब," हेडक्लार्क म्हणाला. मला हसू आलं नाही, पण मी त्याला रागावलोही नाही. मी तिसऱ्यांदा टिपणी लिहिली.

या सगळ्या काळात मोठी माय माझ्याकडं येत होती. दर दोन-तीन आठवड्यांनी, गोंडपिपरीहून सकाळची गाडी पकडून, फडक्यात लाखोळीची डाळ नाहीतर जवसाची चटणी बांधून. माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर बसायची. पहिले काही महिने ती फक्त विचारायची, "काई आलं का?" आणि मी म्हणायचो, "शोध चालू आहे." कागदोपत्री ते खरंच होतं. पक्कं पत्र येईपर्यंत माणूस बेपत्ताच असतो आणि बेपत्ता माणसाचा शोध चालूच असतो.

नंतर एका दिवशी ती वेगळंच बोलली. गडचिरोलीकडं एका आश्रमशाळेत एक मास्तर होता. आपल्यातलाच, बायको वारलेली, पस्तिशीच्या आतला, शांत. त्यानं सुनेसाठी विचारणा केली होती. मोठी माय ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि पायांवरची धूळ हातानं झाडत होती.

"माह्या पोराची बायको हाये, पन मले ते पोरीवानी झाली," ती म्हणाली. "वीस-बावीसची हाये. मी किती दिवस पुरन तिले? तो मेला असंन तं मी सोताच्या हातानं तिचं लगीन लावून देतो. जिता असंन तं ठेवतो, वाट पाह्यतो. मले बाकी काई नोको. पेन्सन नोको, कागद नोको. तू एक सबद सांग. हाये का नाई."

मी म्हटलं, "मोठी माय, मला काही सांगता येत नाही. अजून पत्र आलं नाही."

"पत्राचं मी इचारलंच नाई. तुले काय वाटते ते सांग."

"मला वाटून काय उपयोग? माझ्या वाटण्याला किंमत नाही."

 तिनं चहा घेतला, पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीनं गेली. जाताना नेहमीसारखं तोंडावरून हात फिरवला नाही.

माझी बायको आतून ऐकत होती. तिला मी लिफाफ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण ती वीस वर्षांची सोबतीण, तिला सांगावं लागत नव्हतं. माझ्यासमोर ताट ठेवून ती म्हणाली, "तुमाले मालूम आहे. सांगून काऊन नाई टाकत?" मी म्हटलं, गोपनीय कागद आहे, नोकरीचा प्रश्न आहे, आणि उद्या काही फिरलं तर? जबलपूरसारखं झालं तर? ती म्हणाली, "फिरनार हाये का?" मी जेवत राहिलो. फिरणार नव्हतं. हात धरणाऱ्याची जबानी मी वाचली होती.

एक दिवस तो मास्तर स्वतःच कार्यालयात आला. लांबचा प्रवास करून आला होता, कपड्यांवर रस्त्याची लाल धूळ होती. खुर्ची दिली तरी तिच्या कडेवर बसला. म्हणाला, "साहेब, मले घाई नाई. घरचे मागं लागले हायेत, पन मी थांबू शकतो. फक्त थांबायचं का, एवढं सांगा." इतका साधा माणूस माझ्या टेबलासमोर क्वचितच बसला असेल. मी त्याला नियम समजावून सांगितला. त्यानं विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गेला. त्यानं एक बुद्धपौर्णिमा जाऊ दिली. पुढच्या हिवाळ्यात त्याचं लग्न ब्रह्मपुरीकडच्या एका मुलीशी झालं.

त्याच वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी लिहिलं होतं की हा अधिकारी अत्यंत निःस्पृह असून आप्तस्वकीयांच्या प्रकरणातही त्याने नियमाची पायरी सोडली नाही. असे अहवाल आम्हाला दाखवत नाहीत, पण कुणीतरी आपुलकीनं मला ते वाक्य सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हे पुढं माझ्या बढतीच्या कामीही आलं.

पत्र अखेर निघालं. लिफाफा माझ्या हातात पडल्याला तोवर सोळा महिने झाले होते. नागपूरहून एक तरुण अधिकारी जीप घेऊन आला. त्याला रस्ता माहीत नव्हता म्हणून मी सोबत बसलो, पण गावात शिरल्यावर मी त्याच्यापासून वेगळा झालो आणि घरच्या माणसांत जाऊन बसलो. त्या दिवशी मी वारसांपैकी होतो. त्या तरुण अधिकाऱ्यानं पाणी मागितलं नाही. अंगणात उभं राहून त्यानं कागद काढला आणि घसा साफ केला. मला वाटलं उठावं, त्याला खाली बसवावं, माझ्या पद्धतीनं मीच सांगावं. पण मी उठलो नाही. त्यानं दोन ओळी वाचल्या, तोवर बायांनी टाहो फोडला आणि त्याला पुढं वाचता येईना. त्यानं पत्र सुनेच्या हातात दिलं, सह्या घेतल्या आणि तो निघून गेला.

मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. ती मोठ्यानं रडली नाही. तोंडावर पदर धरून पुढं-मागं हलत होती, आणि मधेच थांबून एखाद्या बाईला म्हणायची, "बस ना बाई, उभी काऊन राह्यली." मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं माझा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्या घडीला तिला काही ठाऊक नव्हतं.

सून मात्र पत्र वाचत होती. सातवी शिकलेली बाई, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत होती. सरकारी पत्राच्या माथ्यावर, विषयाच्या खाली, संदर्भ असतात. याआधी कोणतं पत्र कुठून कधी आलं, त्याची यादी. आम्ही ते डोळे झाकून लिहितो आणि वाचणारेही डोळे झाकून पुढं जातात. तिनं ते सोडले नाहीत. चौकशी मंडळाचे कागद चंद्रपूर कार्यालयास प्राप्त, अमुक तारीख. चंद्रपूर कार्यालयाचे पत्र, अमुक तारीख. चंद्रपूर कार्यालयाचे पत्र, अमुक तारीख. चंद्रपूर कार्यालयाचे पत्र. ती बोटांवर महिने मोजत होती, ओठ हलताना मला दिसत होते. मोजून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्यासमोर येऊन बसली. नात्यानं मी तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर, इतक्या वर्षांत ती माझ्याशी समोरासमोर कधी बोलली नव्हती.

"भाऊ, चंद्रपूरचं हापिस म्हंजे तुमचंच ना?"

"हो."

"मंग तुमाले सोळा महिन्यापासून मालूम होतं."

मोठ्या मायच्या मांडीवर माझा हात होता. मी म्हटलं, "हो."

मोठ्या मायनं माझा हात झटकला नाही. तिनं तो उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवून दिला. मग सुनेकडं बघून म्हणाली, "मी म्हनत नोती तुले? मले तं अंदाज आलाच होता. तू आयकत नोती."

मला वाटत होतं की लग्नासाठी मोठी मायच अडून बसली असेल, पुराव्याशिवाय सुनेला सोडायला तिचं मन होत नसेल. तसं नव्हतं. तिला माझा शब्द हवा होता तो सुनेला सांगण्यासाठी.

"मास्तराले मीच नाई म्हने भाऊ," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हिशोब चुकल्यावर माणूस परत पाढा म्हणतो तशी ती हळूहळू बोलत होती. "माय तं केवाची तयार होती. मी म्हने, भाऊ एवढे मोठे साहेब, सगळे कागद त्याइच्या हातून जातेत. माय तिथी दर पंधरवाड्याले जाते, इचारते. काई वाईट असतं तं भाऊनं आपल्या मायले सांगतलंच असतं. ते बोलत नाई, म्हंजे तो जिता हाये. तुमी बोलले नाई म्हनून मी वाट पाह्यली भाऊ."

अंगणात बायका पुन्हा रडायला लागल्या होत्या. ती माझ्याकडं बघत थांबली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. पत्र आलेलं होतं, 'गोपनीय'चा शिक्का निघालेला होता, आता मला बोलायला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. मला बोलता आलं नाही.